जोडीने पाहिलेली नगरे

यात्रा जोडीने करावी, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. काशीच्या घाटावर काय किंवा पंढरपूरच्या वाळवंटात काय, उपरण्याला लुगड्याच्या पदराची गाठ मारून पाण्यात उतरणारी जोडपी पाहिली म्हणजे, जे पाहावयाचे आणि जे मिळवावयाचे ते दोघांचे मिळून, ही त्यामागील भावना सहज ध्यानी येते. युरोपात हीच गोष्ट निराळ्या रूपाने आढळते. एकोणिसाव्या शतकात, हिवाळा सरून झाडांना पालवी फुटू लागली की, इंग्लंडमधील सुखवस्तू माणसे दक्षिणेच्या वाटेला लागत. हातात मार्गदर्शिका घेऊन पॅरिस, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी नगरे पाहात नवराबायको दोन-तीन महिने हिंडत आणि उन्हाळ्यात घरी परतत. अशा बहुतेक जोडप्यांच्या प्रवासाची आठवण त्यांच्या घरापुरतीच राहिली. एका जोडप्याच्या सहली मात्र इंग्रजी साहित्याच्या इतिहासात कायमच्या नोंदल्या गेल्या आहेत. आणि नवल असे की, कायद्याच्या दृष्टीने ते जोडपे पतिपत्नी नव्हतेच.

श्रोतेहो, ज्यांनी विद्यार्थिदशेत ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी अभ्यासली असेल, त्यांना जॉर्ज ईलियट हे नाव नवीन नाही. हे पुरुषी नाव धारण करणाऱ्या लेखिकेचे खरे नाव मेरी ॲन, किंवा पुढे त्या स्वतः लिहीत त्याप्रमाणे मेरियन, एव्हान्स. त्यांचा जन्म १८१९ साली वॉरिकशायर परगण्यात एका जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या घरी झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर त्या लंडनला आल्या आणि ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नामांकित त्रैमासिकाचे संपादनकार्य पडद्याआडून पाहू लागल्या. तेथेच जॉर्ज हेन्री ल्यूइस यांच्याशी त्यांचा परिचय झाला. ल्यूइस हे मोठे हरहुन्नरी गृहस्थ. नाटक, तत्त्वज्ञान, चरित्र, प्राणिशास्त्र, कोणताही विषय त्यांच्या लेखणीला वर्ज्य नव्हता. रूपाने ते ओबडधोबड, परंतु बोलू लागले की सारी बैठक त्यांचीच होत असे.

ल्यूइस विवाहित होते. पण त्यांचा संसार मोडून गेला होता. त्यांच्या पत्नीला एका मित्रापासून मूल झाले, तेव्हा ल्यूइस यांनी उदार मनाने त्या मुलाला आपले नाव दिले. हा उदारपणाच त्यांना भोवला. पत्नीचा अपराध एकदा पोटात घातला म्हणजे त्या कारणास्तव पुढे घटस्फोट मागता येत नाही, असा इंग्लंडचा कायदा होता. तेव्हा ल्यूइस आणि मेरियनबाई यांच्यापुढे दोनच मार्ग उरले : एकमेकांना विसरावे, किंवा विवाहसंस्काराविना एकत्र राहावे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांनी काही चोरून ठेवले नाही. ल्यूइस यांनी पहिल्या पत्नीचा आणि मुलांचा खर्च अखेरपर्यंत चालविला. परंतु समाजाने याची किंमत वसूल केली, आणि ती बहुतांशी बाईंकडूनच केली. ल्यूइस यांना मेजवान्यांची आमंत्रणे येत, ती त्यांना एकट्याला. त्यांच्या घरी पुरुष मित्र येत, पण त्या मित्रांच्या बायका येत नसत. १८५७ साली बाईंनी आपल्या सख्ख्या भावाला ही हकीकत कळविली, तेव्हा त्याने बहिणीशी पत्रव्यवहारच बंद केला.

या पार्श्वभूमीवर त्यांच्या प्रवासाकडे पाहिले पाहिजे. इतर जोडपी चार दिवस घराबाहेर पडत, ती घरच्या दगदगीतून सुटण्यासाठी. या दोघांना घराबाहेर पडल्यावरच चारचौघांत एकमेकांच्या शेजारी उभे राहता येई. त्यांच्या सहजीवनाचा आरंभही प्रवासानेच झाला. १८५४ च्या जुलै महिन्यात आगबोटीने अँटवर्पला उतरून ते जर्मनीतील वायमार या लहानशा राजनगरीत पोहोचले. ल्यूइस यांना महाकवी गटे यांचे चरित्र लिहावयाचे होते, त्याची साधने येथे होती. वायमारमध्ये त्या काळी सुप्रसिद्ध संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांचे वास्तव्य होते आणि त्यांच्यासमवेत एक राजकन्या राहात होती, जिचा पहिला विवाह अद्याप कायद्याने सुटलेला नव्हता. अशा घरी या इंग्रज पाहुण्यांचे स्वागत झाले यात आश्चर्य नाही. लंडनमध्ये जिला कोणी आपल्या दारात उभी करीत नसे, ती स्त्री येथे लिस्ट यांच्या पंक्तीला बसून त्यांचे पियानोवादन ऐकत होती. गटे यांचे चरित्र १८५५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील कितीतरी उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर बाईंच्या हातचे आहे.

यापुढे प्रवास हा या दोघांचा परिपाठ झाला. १८५८ च्या एप्रिलमध्ये ते म्यूनिकला गेले आणि तेथून व्हिएन्ना, प्राग असे करीत ड्रेस्डेनला पोहोचले. बाईंची ‘ॲडम बीड’ ही पहिली मोठी कादंबरी त्या वेळी हातात होती. सकाळी लेखन आणि नंतर चित्रसंग्रहालय, असा त्यांचा क्रम असे. ड्रेस्डेनमध्ये राफाएलचे ‘सिस्टाइन मॅडोना’ हे जगद्विख्यात चित्र आहे. त्याच्यासमोर बाई बसल्या, तेव्हा त्यांचे अंतःकरण इतके भरून आले की, त्यांना तेथे बसवेना आणि त्या दालनाबाहेर निघून गेल्या. परंतु त्यांच्या कादंबरीला या प्रवासात खरे पाठबळ मिळाले ते निराळ्या चित्रांचे. म्यूनिक आणि ड्रेस्डेन येथील डच चित्रकारांनी रंगविलेल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या, त्यांची स्वयंपाकघरे, त्यांचे चरखे हे सारे बाईंनी मनसोक्त पाहिले. ‘ॲडम बीड’च्या सतराव्या प्रकरणात त्यांनी या चित्रांचा मुद्दाम उल्लेख करून, सामान्य माणसाचे सामान्य जीवन प्रामाणिकपणे चितारणे हेच आपले ध्येय असल्याचे सांगितले आहे. खेड्यातील सुताराची कथा लिहिण्याचे धैर्य परदेशातील चित्रशाळेत दृढ व्हावे, हीच प्रवासाची किमया.

तथापि या दोघांचा सर्वांत फलदायी प्रवास १८६० च्या वसंतातील होय. २१ मार्च रोजी बाईंनी ‘द मिल ऑन द फ्लॉस’ या कादंबरीचे शेवटचे पान लिहिले आणि २४ मार्चला दोघांनी लंडन सोडले. पुस्तक बाजारात येऊन त्यावर बरेवाईट अभिप्राय सुरू होण्यापूर्वीच लेखिका दूर गेलेली बरी, असा यात हेतू होता. टीकेचा एखादा कठोर शब्दही बाईंना दिवसेंदिवस सलत असे. म्हणून वृत्तपत्रे आधी स्वतः वाचावयाची आणि त्यांना दाखविण्याजोगे तेवढेच दाखवावयाचे, हे काम ल्यूइस यांनी आपल्याकडे घेतले होते.

आल्प्स पर्वताखालचा बोगदा त्या वेळी झालेला नव्हता. तो १८७१ मध्ये खुला झाला. माँ सेनीची खिंड ओलांडावयाची म्हणजे डाकगाडीतून आणि पुढे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीतून रात्रीचा प्रवास करणे आले. तशा थंडीतून उतरून ते तुरीनला आले. इटली त्या वर्षी नव्याने घडत होती. टस्कनीने नुकताच सार्डिनियाच्या राज्यात सामील होण्याचा कौल दिला होता. मे महिन्यात गॅरिबाल्डी आपल्या हजार स्वयंसेवकांसह सिसिलीत उतरला. रोममध्ये पोपची सत्ता फ्रेंच सैन्याच्या आधारावर उभी होती आणि व्हेनिसवर ऑस्ट्रियाचा अंमल होता. अशा धामधुमीच्या दिवसांत हे प्रवासी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होते.

रोमला ते एक एप्रिल रोजी पोहोचले. ज्या नगरीचे नाव बालपणापासून ऐकले, ती प्रथमदर्शनी कोणाही प्रवाशाला निराश करते, असे म्हणतात. बाईंचेही तसेच झाले. लांबच लांब, घाणेरडे, कळाहीन रस्ते पाहून त्यांचे मन खट्टू झाले. ईस्टरपूर्वीच्या सप्ताहातील धार्मिक सोहळेही त्यांना कंटाळवाणे वाटले. परंतु कॅपिटोलच्या मनोऱ्यावरून खालचे भग्नावशेष पाहिले, ईस्टरच्या रात्री सेंट पीटरच्या घुमटावरील दीपोत्सव पाहिला, कीट्स आणि शेली हे कवी जेथे चिरनिद्रा घेत आहेत त्या स्मशानभूमीत दोघे जाऊन आले, तेव्हा कोठे रोम हळूहळू त्यांचे झाले. पुढे नेपल्स, पाँपेई, पेस्टम आणि अमाल्फी पाहून मे महिन्याच्या मध्यास ते फ्लॉरेन्सला आले.

फ्लॉरेन्समध्ये २१ मे रोजी सकाळी ल्यूइस साव्होनारोला याच्याविषयी वाचीत होते. साव्होनारोला हा पंधराव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेला धर्मोपदेशक. त्याच्या वाणीने सारे फ्लॉरेन्स काही वर्षे भारून गेले होते आणि त्याच फ्लॉरेन्सने १४९८ साली २३ मे या दिवशी भर चौकात त्याला फाशी देऊन त्याचा देह जाळला. वाचता वाचता ल्यूइस यांच्या मनात आले की, या पुरुषाचा काळ ऐतिहासिक कादंबरीला उत्तम आहे. त्यांनी ते बोलून दाखविले आणि बाईंनी ती कल्पना तत्काळ उचलली. दोघांनी लागलीच साव्होनारोलाचा मठ गाठला. या मठाचे नाव सान मार्को.

आणि येथे एक प्रसंग घडला. सान मार्कोच्या वरच्या मजल्यावर भिक्षूंच्या चाळिसांहून अधिक कोठड्या आहेत. त्यांच्या भिंतींवर फ्रा आँजेलिको या साधुवृत्तीच्या चित्रकाराने ख्रिस्तचरित्रातील एकेक प्रसंग रंगविला आहे. साव्होनारोलाची स्वतःची खोलीही त्याच मजल्यावर. परंतु तो भिक्षूंचा चालता मठ होता. तेथे स्त्रियांना मज्जाव होता. ज्या लेखिकेला ही कादंबरी लिहावयाची होती, तिलाच जिना चढण्याची मनाई झाली. शेवटी ल्यूइस एकटे वर गेले. एकेका कोठडीत जाऊन त्यांनी चित्रे पाहिली, टिपणे केली आणि खाली येऊन सारे बाईंना सांगितले. तोवर बाई तळमजल्यावरील सभागृहात होत्या. तेथे फ्रा आँजेलिकोचे ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचे प्रचंड भित्तिचित्र आहे. स्त्रियांना पाहावयास मोकळे होते ते एवढेच.

पुढल्या वर्षी, १८६१ च्या वसंतात, दोघे पुन्हा फ्लॉरेन्सला आले आणि सुमारे महिनाभर राहिले. या खेपेस ती सहल नव्हती, अभ्यास होता. जुन्या ग्रंथसंग्रहात बसून त्या काळची वेषभूषा, म्हणी, बाजार, उत्सव यांची टाचणे करावयाची आणि दुपारी अरुंद गल्ल्यांतून हिंडत जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळावयाची, असा त्यांचा दिनक्रम होता. इटालियन दुकानदारांशी घासाघीस करणे, माहितगारांना गाठणे, ही कामे ल्यूइस यांची. त्याच मुक्कामात ते डोंगरातील कामाल्दोली आणि ला व्हेर्ना हे दोन मठ पाहावयास गेले. तेथेही स्त्रियांना मठाच्या आत मुक्काम करता येत नसे. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्याचे दार त्यांना बंद होते आणि इटलीच्या मठाचेही. फरक इतकाच की, मठाचे दार सर्वच स्त्रियांना बंद होते आणि ज्याला ते उघडे होते तो आपले डोळे त्यांना उसने द्यावयास तयार होता.

ही कादंबरी ‘रोमोला’ या नावाने १८६२ च्या जुलैपासून ‘कॉर्नहिल’ मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी बाईंना सात हजार पौंड मिळाले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. ‘रोमोला’मध्ये एक हृदयद्रावक प्रसंग आहे. संन्यासी झालेला भाऊ मरणोन्मुख असताना रोमोला त्याला भेटावयास सान मार्को मठात येते. ही भेट कोठे घडते? वरच्या कोठडीत नव्हे, तर खालच्या सभागृहात, क्रूसारोहणाच्या त्या भित्तिचित्रासमोर. जेथवर स्त्रीची पावले पोहोचू शकत होती, तेथेच लेखिकेने आपली नायिका उभी केली. बंधूने बहिणीकडे पाठ फिरविल्याचे दुःख ज्या लेखिकेच्या उरात होते, तिने हा प्रसंग लिहिताना काय सोसले असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

१८६० च्या प्रवासाची सांगताही सांगण्यासारखी आहे. जून महिन्यात व्हेनिस, व्हेरोना, मिलान पाहून दोघे आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये आले. तेथे हॉफव्हिल येथील शाळेत ल्यूइस यांचे तीन मुलगे शिकत होते. आपल्या वडिलांच्या घरी आता निराळी बाई आहे, हे त्यांना आदल्याच वर्षी कळले होते. तिला पाहण्याची ही पहिलीच वेळ. युरोपातील सर्व चित्रशाळा पाहून झाल्यावर बाईंना सर्वाधिक धास्ती वाटली असेल, ती या तीन मुलांच्या डोळ्यांना डोळा देण्याची. भेट सुखाची झाली. थोरला मुलगा चार्ल्स त्यांच्यासोबतच लंडनला परतला. मुले त्यांना ‘मुटर’ म्हणू लागली. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ आई असा आहे. कायद्याने जे नाते नाकारले होते, ते असे प्रवासाच्या अखेरीस दारी आले.

जोडीने पाहणे म्हणजे काय, हे बाईंनी पुढे आपल्या लेखनात उलट्या बाजूने दाखविले आहे. १८७१–७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिडलमार्च’ या त्यांच्या श्रेष्ठ कादंबरीत डॉरोथिया ही तरुणी विवाहानंतर पतीबरोबर रोमला जाते. पती व्यासंगी, पण कोरडा. तो दिवसभर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात बसतो आणि त्याची नवपरिणीत पत्नी रोममधील बिऱ्हाडात एकटीच हुंदके देऊन रडते. समोर रोमचे वैभव पसरलेले असते. पण ते पाहताना मनात उठणारे तरंग कोणाला सांगावे, असा माणूस शेजारी नसल्याने ते वैभव तिच्या उरावर ओझ्यासारखे बसते. विधिपूर्वक लग्न झालेल्या या जोडप्याची रोमयात्रा आणि लग्नावाचून एकत्र आलेल्या त्या जोडप्याची रोमयात्रा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे, लेखिकेला काय म्हणावयाचे होते ते निराळे सांगावे लागत नाही.

१८६९ च्या वसंतात ल्यूइस आणि ईलियटबाई पुन्हा रोमला गेले असता तेथे जॉन क्रॉस नावाच्या तरुणाशी त्यांचा परिचय झाला. या कुटुंबाशी पुढे घरोबा वाढला. १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये ल्यूइस वारले. चोवीस वर्षांची सोबत संपली. शोकात बुडालेल्या बाईंना क्रॉस यांनी आधार दिला आणि ६ मे १८८० रोजी त्या दोघांचा लंडनच्या चर्चमध्ये विधिपूर्वक विवाह झाला. बाईंचे वय साठ, वराचे चाळीस. त्याच दिवशी नवदांपत्य वसंतप्रवासाला निघाले : पॅरिस, मिलान, व्हेरोना, व्हेनिस. वाटेतच भावाचे अभिनंदनपत्र येऊन पोहोचले. तेवीस वर्षे ज्याने बहिणीला एक ओळ लिहिली नव्हती, त्याला आता लिहावेसे वाटले. कारण आता बहीण कायद्याने कोणाची तरी पत्नी झाली होती. बाईंनी मिलानहून त्याला प्रेमाने उत्तर पाठविले. त्यात रोषाचा शब्द नव्हता.

परंतु हा प्रवास सुखाचा व्हावयाचा नव्हता. व्हेनिसमध्ये क्रॉस यांच्या मनाचा तोल गेला आणि जून महिन्याच्या मध्यास एके दिवशी त्यांनी हॉटेलच्या सज्जातून खालच्या कालव्यात उडी घेतली. नावाड्यांनी त्यांना वाचविले. उपचार होऊन ते बरे झाले आणि पुढे त्यांनीच बाईंचे चरित्र साक्षेपाने संपादून १८८५ साली प्रसिद्ध केले. त्या आजाराची जबाबदारी कोणावर टाकण्याचे कारण नाही. आजार कोणालाही होतो. परंतु जो संस्कार झाला नाही म्हणून समाजाने चोवीस वर्षे बोल लावला, तो यथासांग होऊनही वसंत, व्हेनिस आणि विवाह ही तिन्ही मिळून सुखाची हमी देऊ शकली नाहीत, एवढे मात्र दिसून आले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला बाईंचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना जागा मिळाली नाही. हायगेटच्या स्मशानभूमीत ल्यूइस यांच्या समाधीजवळच त्यांना चिरविश्रांती लाभली. ॲबीतील कवींच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाची शिळा बसली ती शंभर वर्षांनी, १९८० साली.

सान मार्कोचा मठ पुढे सरकारने ताब्यात घेतला आणि १८६९ साली त्याचे संग्रहालय झाले. आता तेथे तिकीट काढून कोणीही वर जाऊ शकते. जिन्याच्या माथ्याशी पोहोचताच फ्रा आँजेलिकोचे, देवदूत मेरीला शुभवार्ता सांगत असल्याचे चित्र समोर येते. तेथे उभ्या राहिलेल्या दांपत्यांपैकी कित्येकांना ठाऊकही नसते की, एके काळी या जिन्याखाली एक स्त्री थांबली होती आणि वर गेलेला तिचा सोबती प्रत्येक भिंतीपुढे उभा राहून, घरी नेण्यासाठी नव्हे तर खाली तिला सांगण्यासाठी, जे दिसेल ते मनात साठवीत होता.